राईडच्या रांगेत "आमचा माणूस पुढे आहे": मागच्यांनी काय करायचे?

सावली_डिचोली

गेल्या रविवारी आम्ही घरचे तिघे आणि नणंदेची दोन मुले, उत्तर गोव्यातल्या एका वॉटर पार्कमध्ये गेलो होतो. पार्कचे नाव लिहीत नाही, कारण मला जे विचारायचे आहे ते त्या एका जागेपुरते नाही.

ट्यूबवाल्या मोठ्या स्लाईडला भरपूर रांग होती. जिना लोखंडी, पायऱ्यांना भोकाभोकांचा पत्रा. त्यावर अनवाणी अर्धा तास उभे राहिले की तळव्यांवर गोल गोल वळ उठतात. माझा मुलगा चौथीत आहे. दोघांनी बसायची ती पिवळी ट्यूब त्याच्यापेक्षा रुंद. कधी कठड्यावर टेकवत होता, कधी डोक्यावर घेत होता, पण मला हात लावू देत नव्हता. असे करत आम्ही तिसऱ्या वळणापर्यंत पोचलो. वर एकच वळण उरले होते.

तेवढ्यात खालून एक गृहस्थ "आमचो मनीस फुडें आसा" म्हणत वर आले. त्यांच्यामागे आणखी सात जण. आम्ही सगळे कठड्याला चिकटलो आणि वाट दिली. त्यांचा माणूस खरेच पुढे होता. एकच होता. या आठांच्या हातात ट्यूब नव्हत्या. त्या खालून कोणीतरी कठड्यावरून एकामागून एक वर दिल्या. मुलगा मोजत होता. म्हणाला, "आई, आपल्यापुढे चार ट्यूब वाढल्या." मग त्याने मोठ्याने सांगितले, "काका, रांग खालून आहे." त्यांनी त्याच्या डोक्यावर थोपटले, "हो रे बाळा" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

आणि मी काय केले, तर त्याचा हात ओढून म्हणाले, "जाऊ दे."

ते "जाऊ दे" आठवडाभर मला छळते आहे. शाळेत, घरात, देवळात आपणच त्याला नंबराने उभे राहायला शिकवतो. त्याने शिकवलेले बोलून दाखवले आणि मी त्याला गप्प केले. त्या दिवशी परतताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही.

म्हणून विचारते. अशा वेळी तुम्ही काय बोलता? भांडण न होता बोलता येते का? आणि कोणाला मध्ये येऊ द्यायचे, कोणाला नाही, हे ठरवायचे कसे? लघवीला गेलेले मूल परत आले तर त्याला कोणी अडवणार नाही. मग आठ जणांना अडवायचे ते नेमके कशाच्या आधारावर?

फोंडेकर_७२

सुट्टीच्या दिवसांत पार्कात जाऊच नये. बाहेरचे टुरिस्ट आले की रांग वगैरे काही राहत नाही. आमच्याकडे पूर्वी असे नव्हते.

सावली_डिचोली

@फोंडेकर_७२, दादा, ते बाहेरचे नव्हते. आपलेच होते, कोकणी बोलत होते, गाडीचा नंबरही गोव्याचा होता. उलट आमच्या मागे पुण्याचे एक कुटुंब होते, ते शेवटपर्यंत आपापल्या जागेवर उभे होते. सगळे टुरिस्टांवर ढकलले तर आपल्याला आपले काही बघावेच लागणार नाही.

मांडवीपार

मी चोडणचा, म्हणजे मांडवीतल्या बेटावरचा. रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आयुष्य गेले, त्यामुळे रांग या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असे वाटते.

पायी जाणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नाही, तो चालत चढतो, त्याचा प्रश्न नाही. प्रश्न चारचाकींचा. संध्याकाळी ऑफिसे सुटली की गाड्यांची ओळ धक्क्यापासून मागे रस्त्यावर जाते. एका फेरीत ठरावीकच गाड्या मावतात. तेव्हा कोणी उजवीकडून गाडी काढून पुढे घातली, तर ओळीतल्या कोणा एकाची फेरी चुकतेच. आणि ज्याची चुकते तो ओळीच्या मधला नसतो, तर काठावरचा असतो, म्हणजे जो "या फेरीत आपण जाणार" म्हणून इंजिन चालू करून बसलेला असतो. पुढे घातलेल्या गाडीला वाट देणारा मात्र त्याच फेरीतून आरामात पलीकडे जातो.

सावलीताई, तुमच्या जिन्यावरही हेच झाले. त्या एका माणसाने आठ जणांना आपल्याजवळ घेतले. त्याचे स्वतःचे काहीच गेले नाही. गेले ते त्याच्या मागच्यांचे. म्हणून मी म्हणतो, मध्ये घ्यायची परवानगी पुढच्या माणसाने द्यायची नसते. ती मागच्यांकडे असते, मागच्या सगळ्यांकडे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात फेरीबोटी खूप आहेत. तिथे फेरीच्या रांगेत गाडी मध्ये घालणे हा वाहतुकीच्या कायद्याचा भंग आहे, आणि दंडाबरोबर गाडी परत रांगेच्या शेवटी पाठवतात. मला हे दुसरे जास्त पटते. दंड भरणारे भरतील, पण शेवटी जाऊन उभे राहायचे म्हटले की वेळ जातो, आणि वेळ वाचवण्यासाठीच तर ते घुसलेले असतात. २०२५ च्या जुलैपासून आमच्या मार्गावर रो-रो फेरी आली, तिने ताण हलका केला आहे. पण बोट मोठी झाली म्हणून घुसणारा थांबत नाही, हे रोज बघतो.

गौरीहर

@मांडवीपार, शंभर टक्के अनुमोदन. "परवानगी मागच्यांकडे असते" हे वाक्य लिहून ठेवतो.

वरचा_प्लॅटफॉर्म

मी दोन सीझन अशाच एका पार्कात स्लाईडच्या वर उभा राहायचो. आता दुसरीकडे नोकरी करतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

लोक रांगेतल्या भांडणासाठी वर उभ्या असलेल्या मुलावर ओरडतात, "तुला दिसत नाही का?" खरे सांगतो, नाही दिसत. त्याची पाठ जिन्याकडे असते आणि डोळे खाली पूलवर. आधीचा माणूस पाण्यातून उठून बाजूला झाला की नाही हे बघूनच पुढची ट्यूब सोडायची, हे त्याचे पहिले काम आहे. कोणी खाली उलटला, कोणाची ट्यूब तोंडाशीच अडकली आणि वरून दुसरी सोडली तर डोक्याला डोके आपटते. मी पहिल्या महिन्यात एकदा रांगेतल्या वादात मान वळवली होती. तेवढ्या दोन सेकंदांत एक बाई खाली तोंडावर पडली होती आणि माझा हात पुढची ट्यूब ढकलायला गेलेला होता. सोडली नाही, नशीब. त्यानंतर मी कधी मान वळवली नाही, कोणी काहीही बोलो.

म्हणून रांग सांभाळायला माणूस खाली लागतो, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. आणि त्याच्याकडे ट्यूब लागतात. सावलीताईंनी एक गोष्ट बरोबर टिपली आहे: आठ जण रिकाम्या हाताने वर आले आणि ट्यूब मागून आल्या. हे सगळीकडे असेच होते. ट्यूबचा ढीग पूलच्या काठावर, म्हणजे राईड संपते तिथे पडलेला असतो. कोणीही उचलतो, कोणीही कोणालाही देतो. तोच ढीग जिन्याच्या तोंडाशी आणून रांगेत आलेल्याच्याच हातात ट्यूब दिली, तर ट्यूब हाच नंबर होतो. हातात ट्यूब नाही म्हणजे रांगेत नाही. कोणाला काही बोलावे लागत नाही.

आम्ही एका सुट्टीत हे चार दिवस करून पाहिले होते. भांडणे जवळजवळ बंद झाली. मग खालचा मुलगा लॉकरच्या कामाला घेतला आणि परत पहिल्यासारखे सुरू झाले.

मडगावचे_घर

मी दुसरी बाजू मांडते, कोणी रागावू नका. आमचे एकत्र कुटुंब आहे. पिकनिकला निघालो की बारा-चौदा जण. त्यात सासूबाई, दोन तान्ही मुले, एक गरोदर जाऊ. सगळ्यांनी प्रत्येक रांगेत उन्हात उभे राहायचे का? आम्ही दोघांना नंबराला उभे करतो, बाकीचे सावलीत बसतात, मुलांना भरवतात, आणि नंबर जवळ आला की जातात. रेशनच्या दुकानापासून एस.टी.पर्यंत आपण असेच करत आलो आहोत. यात कोणाला फसवायचा हेतू नसतो.

आणि हिशेब केला तरी काय फरक पडतो? आम्ही बाराही जण पहिल्यापासून उभे असतो, तर मागच्यांच्या पुढे बारा जण असतेच की. उभे राहिलो नाही म्हणून त्यांचे जास्त काय गेले?

गणिताची_बाई

@मडगावचे_घर, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात अवघड मुद्दा आहे, त्यामुळे नीट उत्तर देते.

आधी साधा हिशेब. समजा वरून दर ४५ सेकंदांनी एक ट्यूब सुटते. म्हणजे तासाला ८०. आठ माणसांच्या चार ट्यूब म्हणजे तीन मिनिटे. ऐकायला काहीच नाही. पण जिन्यावर मागे साठ माणसे उभी असतील, तर तीन मिनिटे प्रत्येकाची गेली. साठ गुणिले तीन, १८० मिनिटे. तीन तास. घुसणाऱ्याला दिसतात ती एका माणसाची तीन मिनिटे, तीन तास त्याला दिसतच नाहीत, कारण ते साठ जणांत वाटले गेलेले असतात.

आता तुम्ही विचारलेले. बारा जण पहिल्यापासून उभे असते तर मागच्यांचे तेवढेच गेले असते का? नाही. पहिले कारण, खाली आलेला माणूस रांगेतली डोकी मोजून ठरवतो, थांबू की दुसऱ्या राईडला जाऊ. तुम्ही बारा दिसला असता तर काही जण थांबलेच नसते. दोनच दिसलात, म्हणून ते फसले. तुम्ही फसवले नाहीत, पण ते फसले. दुसरे कारण जास्त मोठे आहे. तुमचे दहा जण सावलीत होते तेव्हा काय करत होते? जेवत असतील. किंवा दुसऱ्या राईडच्या रांगेत असतील. म्हणजे एकाच वेळी दोन रांगांत. बाकी सगळे एका वेळी एकाच रांगेत उभे असतात. दर कुटुंबाने एकेक माणूस दर राईडला ठेवायचा ठरवले, तर रांगा आखूड दिसतील आणि कोणाचाच नंबर लवकर येणार नाही.

आता मला फार उपयोगी वाटलेला एक प्रयोग सांगते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये रेल्वेच्या तिकीट खिडक्या वगैरे ठिकाणच्या १२९ रांगांत मुद्दाम माणसे घुसवली. ते १९८६ साली प्रसिद्ध झाले. घुसणारा तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये जायचा, सौम्यपणे "मला इथे यायचे आहे" म्हणायचा आणि उभा राहायचा. एकटा घुसला तेव्हा निम्म्याहून थोड्याच जास्त रांगांत कोणी हरकत घेतली. दोघे घुसले तेव्हा दहातल्या नऊ रांगांत. म्हणजे लोकांना सहन होते, पण मर्यादेपर्यंत. आणि बोलणारा बहुतेक वेळा घुसखोराच्या लगेच मागचा असतो. त्या मागच्या जागी प्रयोगकर्त्यांनी आपलीच गप्प बसणारी माणसे ठेवली, तेव्हा हरकती एकदम कमी झाल्या. मागचा गप्प बसला की त्याच्या मागच्यांना वाटते, त्याची हरकत नसेल तर आपण कोण बोलणार.

सावली, तुझा मुलगा त्या घुसलेल्यांच्या लगेच मागे होता. बोलायची जागा त्याचीच होती, आणि तो बोलला.

सावली_डिचोली

@गणिताची_बाई, हे त्याला वाचून दाखवले. १८० मिनिटांचा हिशेब त्याने वहीत परत करून पाहिला.

निळी_छत्री

माझा मुलगा स्वमग्न आहे. अकरा वर्षांचा. त्याला जिन्यावर मागून कोणाचा ओला हात लागला तरी तो कान झाकून खाली बसतो आणि मग त्याला उठवणे कठीण होते. आम्ही रांगेत उभे राहू शकत नाही, पण पाणी त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आवडते.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण आम्हाला पुढे सोडतात तेव्हा मागचे लोक ज्या नजरेने बघतात ती मला पाठ आहे. माझा मुलगा दिसायला इतर मुलांसारखाच आहे. त्याचे काय ते कोणाला दिसत नाही.

डिस्नेच्या पार्कांत यासाठी एक पद्धत आहे, तीच मला सगळ्यात न्याय्य वाटते. अशा मुलाला पुढे घुसवत नाहीत. त्या वेळी रांग एक तासाची असेल तर साधारण एक तासानंतरची वेळ देतात. तो तास मूल बाहेर, शांत जागी काढते. म्हणजे थांबायचे आहेच, फक्त रांगेत नाही. मागच्या कोणाचेही काही हिरावून घेतले जात नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा आमच्यासारखी किती कुटुंबे गोव्यात आली होती. त्या तीन दिवसांत मला कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. पार्कांत अजून ते नाही. एक वही आणि एक पेन, एवढेच लागते. वेळ लिहून द्यायची.

@मडगावचे_घर, तुमच्या जावेला आणि सासूबाईंनाही हेच लागू करता येईल ना? त्या बसतील, पण त्यांचा वेळ मोजलेला असेल.

मडगावचे_घर

@निळी_छत्री, ताई, तुमचे वाचून थांबले. हे मला पटते. @गणिताची_बाई, दोन रांगांचा मुद्दाही कळला. आमची मोठी मुले खरेच दुसरीकडे राईड घेऊन येतात आणि मग आमच्यात येतात, खोटे कशाला बोलू. तान्ह्या मुलांसाठी मात्र काय करायचे? आई-बाबा दोघांनाही राईड हवी असते, मूल कोणाजवळ द्यायचे?

दूरचा_मुसाफिर

@मडगावचे_घर, त्याची सोय कित्येक मोठ्या पार्कांत आहे. दोघांपैकी एक जण रांगेतून जाऊन राईड घेतो, दुसरा मुलाला घेऊन थांबतो. पहिला आला की मूल त्याच्याकडे देऊन दुसरा पूर्ण रांग परत न लावता जातो. डिस्नेमध्ये याला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. रांग दोघांच्या वतीने एकदा लागलेलीच असते. आणि हे राईडच्या दारावर लिहिलेले असते, म्हणून मागचे कोणी कुरकुरत नाहीत. मला वाटते यातच सगळे आहे. जे दारावर लिहिलेले असते ते सवलत, आणि जे जिन्यावर ठरते ते घुसणे.

आता पैसे देऊन पुढे जायचे त्याबद्दल कोणी लिहिले नाही. वंडरलात फास्ट्रॅक आहे, खोपोलीच्या इमॅजिकामध्ये एक्सप्रेस आहे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता, सगळ्यांना सारखा. वेळ घ्यायची, त्या वेळी यायचे. २०२१ मध्ये त्याची जागा पैसे भरायच्या पद्धतीने घेतली. मी दोन्ही काळांत गेलो आहे. फुकट होता तेव्हा शेजारच्या छोट्या रांगेतून जाणाऱ्याकडे बघून मनात काही यायचे नाही, कारण दुपारी आपणही तसेच जाणार असायचो. आता येते.

वारीकर_पेडणे

@दूरचा_मुसाफिर, हे देवळांतही आलेच आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचे वेगळे दर्शन असते. पण मला सांगायचे आहे ते पंढरपूरचे.

माझे वडील पेडण्याहून वारीला जायचे, आता मी जातो. आषाढीला पदस्पर्शाची दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि कधी त्याहून मागे जाते. माणसे रात्र रात्र उभी असतात. ज्याला तेवढे शक्य नाही तो मुखदर्शन घेतो, नाहीतर कळसाला हात जोडून परततो, आणि त्याची वारी पूर्ण होते. मी बारीत असताना एक म्हातारी चक्कर येऊन बसली. मागच्या माणसांनी तिला बाहेर नेले, पाणी दिले, आणि ती तासाभराने परत आली तेव्हा तिला तिच्याच जागी उभे केले. तिची जागा तिच्या मागच्या दोन बायकांनी धरून ठेवली होती. पुढच्यांना पत्ताही नव्हता.

मांडवीपार यांनी लिहिले ते मला तिथे डोळ्यांनी दिसले होते. जागा मागच्यांनी धरली होती.

आमोणेकर

विषय हलका नाही, तरी लिहितो, कारण सावलीताई डिचोलीच्या आहेत आणि त्यांना माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि माणसे गेली. आमच्या वाड्यावरचे लोक त्या रात्री तिथे होते. तेव्हापासून उतारावर किंवा जिन्यावर मागून कोणी रेटले की माझे अंग गार पडते.

ओला लोखंडी जिना, अनवाणी पाय, हातात ट्यूब, आणि अरुंद वाटेतून आठ जण वर सरकतात. तुम्ही सगळे न्यायाबद्दल बोलताय, ते बरोबरच आहे. पण त्या आठांना वाट द्यायला साठ माणसे एकाच बाजूला कठड्याला चिकटली, हे मला जास्त धोक्याचे वाटले. चढत्या जिन्यावर कोणालाच ओलांडून जाता येऊ नये. लघवीला गेलेले मूल असो नाहीतर कोणीही असो. खाली उतरायला वेगळी वाट हवी आणि वर जाणारी वाट एका माणसाच्याच रुंदीची हवी.

वरचा_प्लॅटफॉर्म

@आमोणेकर, बरोबर. आमच्याकडे वरून घाबरून परत फिरणारी मुले असायची, रोज पाच-सहा तरी. त्यांना त्याच जिन्याने उलट खाली उतरावे लागायचे, सगळ्यांच्या ट्यूबना धक्के खात. त्या मुलांचे रडवेले चेहरे विसरता येत नाहीत.

म्हापशाची_आजी

मुलांनो, तुम्ही सगळे मोठे मोठे बोलताय. सावलीचा पहिला प्रश्न राहिला. बोलायचे काय?

मी पन्नास वर्षे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाते. माझा अनुभव असा. "तुम्ही घुसलात" म्हटले की भांडण. "रांग कुठून आहे?" असे विचारले की माणूस आपणच मागे बघतो. ओरडून नाही, पण मागच्या चार जणांना ऐकू जाईल असे. आणि बोलून झाल्यावर त्याच्याकडेच बघत उभे राहायचे, खाली मान घालायची नाही. कोकणीत बोलायचे असेल तर, "बाब, रांग फाटल्यान सुरू जाता." म्हणजे रांग मागून सुरू होते. एवढेच.

सोबत एक तरी माणूस हवा. मी बोलले की शेजारची बोलते. कोणीच बोलले नाही की मीसुद्धा दोनदा विचार करते, इतक्या वर्षांनंतरही.

आणि सावली, तू त्याचा हात ओढलास ते वाईट केलेस असे मी म्हणणार नाही. आठ मोठी माणसे आणि एक नऊ वर्षांचे पोर, त्या जिन्यावर. आईने आधी मूल धरले. पण घरी आल्यावर त्याला सांग, तू बरोबर बोललास आणि मी घाबरले. मुलांना ते सांगितलेले कळते.

सावली_डिचोली

आजी, सांगितले. रात्री झोपताना सांगितले. तो म्हणाला, "मला वाटले मी चुकलो." मग बराच वेळ मी काही बोलू शकले नाही.

गौरीहर

माझ्याकडून एक सूचना. नुसते इथे लिहून थांबू नका. पार्कला लिहा. तक्रार म्हणून नको, वरचा_प्लॅटफॉर्म यांनी सांगितलेले ट्यूबचे लिहा. त्याला फारसा खर्चही नाही.

सावली_डिचोली

लिहिले होते. उशिरा कळवते आहे, माफ करा.

पार्कला मराठीत दोन पानी पत्र पाठवले. ट्यूबचा ढीग जिन्याच्या पायथ्याशी, खाली एक माणूस, घाबरून परतणाऱ्यांसाठी वेगळी वाट, आणि निळी_छत्रीताईंची वेळ लिहून द्यायची वही. काल तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला. त्यांनी पत्र पूर्ण वाचले होते. ट्यूब हलवायचे लगेच मान्य केले. खाली माणूस फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी देता येईल म्हणाले. वेगळ्या वाटेसाठी जिनाच नवा करावा लागेल, ते या वर्षी नाही. वहीबद्दल म्हणाले, "करून बघू." मी त्यांना सांगितले की हे "करून बघू" मी लक्षात ठेवणार आहे.

जिन्यापाशी लावायच्या फलकाचा मजकूर मलाच पाठवायला सांगितला आहे, मराठी आणि कोकणी दोन्ही. मराठी असा केला आहे: "प्रत्येकाने आपली जागा स्वतः धरावी. पुढे आपले माणूस असेल तर त्याने मागे यावे, आपण पुढे जाऊ नये." कोकणीसाठी मदत हवी.

मांडवीपार

हे बघा जमते का: "दर एकल्यान आपली सुवात आपणें धरची. तुमचो मनीस फुडें आसल्यार ताणें फाटीं येवचें, तुमी फुडें वचूं नाकात."

म्हापशाची_आजी

बरे आहे. अक्षर मोठे काढायला सांगा. पाण्यातून आल्यावर चष्मा नसतो.

सावली_डिचोली

दोन्ही पाठवते. मुलाला वाचून दाखवले, तर त्याने विचारले, "आणि कोणाला मध्येच शूला लागली तर?" ते लिहायचे राहिलेच की.

वारीकर_पेडणे

त्याला सांगा, मागच्याला सांगून जायचे आणि ट्यूब त्याच्याजवळ ठेवायची.